कामगारांचा वकील : काम, वाट आणि आपली गरज

वस्त्यांमध्ये काम करताना एक प्रश्न आम्हाला वारंवार ऐकू येतो : "कामावरून काढलं, आता जायचं कुणाकडं?" विचारणारे बहुतेक कंत्राटी सफाई किंवा बांधकाम कामगार. हातात ना नेमणूकपत्र, ना पगारपावती. दुसरीकडे आपली कितीतरी मुलेमुली एलएल.बी. होत आहेत. या दोघांची गाठ पडावी म्हणून ही माहिती.

वारसा

बॅरिस्टर बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मुंबई सरकारचे औद्योगिक कलह विधेयक संपाच्या हक्कावर घाला घालणारे होते. बाबासाहेबांनी त्याला विधिमंडळात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपाचे नेतृत्वही केले. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. कायदा आणि चळवळ त्यांनी कधी वेगळी मानली नाही.

काम काय असते?

"हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे," हा मालकाचा नेहमीचा बचाव. तो खोडायला पुरावा लागतो : हजेरी कार्ड, गेटपास, पीएफ क्रमांक, बँकेतील नोंदी, सहकाऱ्यांची साक्ष. यासाठी वकिलाला कामगारांमध्ये बसावे लागते.

मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांचा लढा याचे ठळक उदाहरण आहे. त्यांत दलित-बौद्ध कामगार मोठ्या संख्येने होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ठेका पद्धत बनावट असल्याचे औद्योगिक न्यायाधिकरणात मांडले. २०१४ मध्ये निवाडा कामगारांच्या बाजूने लागला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला.

वाट कशी?

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. त्यानंतर कामगार कायद्याची प्रॅक्टिस करणाऱ्या ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे जुनी कलमे पाठ असून भागणार नाही.

सनदेआधीही युनियनमध्ये शिकता येते. सुधा भारद्वाज छत्तीसगडमध्ये आधी कामगार संघटनेत होत्या. कामगारांचे खटले लढण्यासाठी त्या पुढे वकील झाल्या. २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये जामिनावर सुटका झाली. या वाटेवर जोखीम आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

पोटापाण्याचे काय?

सुरुवातीला कमाई थोडी असते. पहिल्या पिढीतल्या वकिलावर घरची जबाबदारी असते, त्याला नुसता त्यागाचा उपदेश करून चालणार नाही. अपघात भरपाई, ग्राहक तक्रारी अशी इतर कामे घेत कामगारांचे खटले लढवता येतात. समाजानेही वाटा उचलावा : विहारात आठवड्यातून एकदा कायदा सल्ला केंद्र चालवावे, नव्या वकिलाच्या प्रवासखर्चाची आणि पुस्तकांची सोय करावी.

कामगार बांधवांनो, कामावरचा प्रत्येक कागद जपा, निदान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि कायदा शिकणाऱ्या मित्रांनो, पहिला खटला आपल्याच वस्तीत तुमची वाट पाहत आहे.

जय भीम!