इंजिनाचे अतिशीतन

अतिशीतन म्हणजे मोटारीचे इंजिन कार्यतापमानापर्यंत न पोहोचणे किंवा त्या तापमानावर न टिकणे. बहुतेक जलशीतित इंजिनांत हे तापमान सुमारे ८५ ते १०० अंश सेल्सियस असते. थंड इंजिनात न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरते. तेल पातळ होऊन झीज वाढते. काटा खाली असल्याने चालक मात्र निर्धास्त राहतो.

बहुधा उघड्या स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट याला कारणीभूत असतो. उष्ण भागांत इंजिन तापू नये म्हणून कधी कधी तो काढूनच टाकला जातो. हा उपाय चुकीचा आहे.

खुलताबादहून वेरूळकडे घाट उतरताना इंजिनावर भार नसतो व उष्णता कमी निर्माण होते. अशा उतारावर काटा खाली येऊन चढावर पुन्हा वर गेल्यास थर्मोस्टॅट तपासावा. काटा कायम तळाशीच राहिल्यास संवेदक, वायर किंवा काटाच सदोष असू शकतो. स्कॅनरवर दिसणाऱ्या तापमानाशी ताडून पाहावे.

सकाळी थंड इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात दूर ठेवत, रेडिएटरच्या वरच्या पाइपाला स्पर्श करावा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हा पाइप थंड राहून मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासूनच तो हळूहळू कोमट होत गेल्यास थर्मोस्टॅट बंद होत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूस असतो. तेथे खालचा पाइप तपासतात.