मद्रासची तोफ आणि नादाचा वेग

कंपनी सरकारच्या अमदानीत तटावरच्या तोफेला लढाईचे काम क्वचितच पडे. रोजची चाकरी मात्र तिला चुकत नसे. मद्रासेत फोर्ट सेंट जॉर्जमधून आणि शहराच्या नैर्ऋत्येस सेंट थॉमस माउंटवर असलेल्या तोफखान्याच्या छावणीतून सकाळ-संध्याकाळ बार निघत. ज्याकडे ऐकणाऱ्याचे लक्षही जाऊ नये अशा या नित्याच्या बारांतून सृष्टीचा एक नियम पडताळून पाहता येईल, हे जॉन गोल्डिंगहॅम याच्या ध्यानी आले. हा कंपनीच्या मद्रास वेधशाळेचा ज्योतिर्विद. घारापुरीच्या लेण्यांचा वृत्तान्त 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये लिहिणारा तो हाच.

प्रश्न जुना होता. नाद सेकंदाला सुमारे ९७९ फूट जावा, असे न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चे सुधारलेले गणित सांगत होते. परंतु विल्यम डेरहॅम या इंग्रज पाद्र्याने दूरच्या तोफांचा उजेड आणि आवाज यांतील काळ मोजून १७०८ साली ११४२ फुटांचा आकडा दिला होता. या तफावतीचे मर्म लाप्लासने १८१६ साली उलगडले: नादाची लहर जाताना हवा इतक्या त्वरेने दाबली जाते, की त्या दाबाने उपजलेली उष्णता निसटून जाण्यास अवधीच मिळत नाही, तापलेली हवा अधिक जोराने उसळते आणि त्यामुळे नादाची गती वाढते.

वेधशाळा नुंगमबाक्कमला होती. तेथून किल्ल्याची तोफ १३,९३२ फुटांवर आणि माउंटची २९,५४७ फुटांवर होती. म्हणजे तोफेच्या तोंडाशी उजेड चमकला की एकीचा आवाज सुमारे बारा सेकंदांनी कानी येई आणि दुसरीचा सव्वीस सेकंदांच्या आसपास. डोळा क्षितिजाकडे, कान घड्याळाच्या ठोक्यांकडे, आणि प्रत्येक बाराबरोबर उष्णतामापक, वायुभारमापक, आर्द्रतामापक यांचे अंक व वाऱ्याची दिशा यांची नोंद, असा क्रम १८२० आणि १८२१ या सालांत चालला. एरवी अशा प्रयोगासाठी दारूगोळा, गोलंदाज आणि सरकारी मंजुरी यांची जुळवाजुळव करावी लागती. येथे सरकारी रिवाजानेच तो सारा सरंजाम रोज हजर केला होता.

या नोंदींतून निघालेले जानेवारीचे मासिक मध्यमान सेकंदास ११०१ फूट आणि जुलैचे ११६४ फूट भरले. उष्ण हवेत नाद त्वरेने जातो, हे खरे. पण तेवढ्याने या आकड्यांचा उलगडा होत नाही. फॅरनहाइटच्या एका अंशामागे वेग सुमारे एक फूटच वाढतो आणि मद्रासच्या सर्वांत थंड व सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरीत दहाएक अंशांचेच अंतर आहे. शिवाय त्याच्या कोष्टकात सर्वांत उष्ण महिना मे ठरतो, तर सर्वांत वेगवान जुलै. तेव्हा साठ फुटांहून मोठ्या या फरकाचा पुष्कळसा भाग मोसमी वाऱ्याच्या आणि निरीक्षणातील दोषांच्या खात्यावर टाकावा लागतो.

१८२२ च्या जूनमध्ये पॅरिसजवळ आरागो, गे-ल्युसाक, हुम्बोल्ट प्रभृतींनी व्हिलज्विफ आणि माँलेरी या दोन ठिकाणांहून परस्परांना उत्तर देणाऱ्या तोफा उडवल्या आणि दोन्ही दिशांचे काळ मिळवून वाऱ्याचा प्रभाव वजा केला. मद्रासेत नाद ऐकणारे ठाणे एकच असल्याने ही सोय नव्हती. मात्र पॅरिसचा प्रयोग दोन रात्रींचा होता, आणि ऋतू पालटताना नादाचे काय होते हे दोन रात्रींत कोणालाही दिसणे शक्य नव्हते.

गोल्डिंगहॅमचा निबंध १८२३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. अचूकतेचा मान पॅरिसकडेच जातो, यात शंका नाही. परंतु नादाच्या वेगाला एकच ठरीव आकडा चिकटवून मोकळे होता येत नाही, हवेची स्थिती आणि वारा यांचा जबाब प्रत्येक वेळी घ्यावा लागतो, ही गोष्ट महिनोन् महिने ठेवलेल्या त्या मद्रासी दफ्तराने निर्विवाद पुढे आणली.