रशियन कादंबरीतील बायबलची भाषा

टॉल्स्टॉय, दस्तयेव्हस्की व चेखॉव्ह ही नावे आपल्या वाचकांना परिचित आहेत. त्यांच्या लेखनात पवित्र शास्त्राची भाषा किती खोलवर मुरली आहे, याचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

नवव्या शतकात संत सिरिल व संत मेथोडियस या बंधूंनी स्लाव लोकांसाठी शुभवर्तमानाचे भाषांतर केले. त्यातून घडलेली चर्च स्लाव्होनिक ही रशियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेची उपासनेची भाषा झाली. घरीदारी मात्र लोक रशियन बोलत. संपूर्ण रशियन बायबल सिनोडच्या मान्यतेने १८७६ साली पूर्ण झाले. त्यामुळे लेखकांच्या कानी दोन भाषा होत्या: एक वेदीजवळची, दुसरी चुलीजवळची.

टॉल्स्टॉय यांनी 'ॲना कारेनिना'च्या आरंभी रोमकरांस पत्रातील (१२:१९) सूड हा देवाचा अधिकार असल्याचे वचन दिले आहे, तेही स्लाव्होनिक रूपात. त्यात 'मी' यासाठी रोजच्या 'या' ऐवजी जुना 'अझ' हा शब्द येतो. त्या एका शब्दाने देवाचा आवाज माणसांच्या निंदानालस्तीहून वेगळा ठरतो.

दस्तयेव्हस्की यांची वाट निराळी. १८५० साली सैबेरियाच्या तुरुंगाकडे जाताना, तोबोल्स्क येथे हद्दपार क्रांतिकारकांच्या पत्नींनी त्यांना रशियन नवा करार दिला. तो त्यांनी १८८१ साली मृत्यू येईपर्यंत जपला. 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) मध्ये सोनिया खुनी रास्कोल्निकोव्हला लाजरसच्या पुनरुत्थानाचा वृत्तांत (योहान ११) वाचून दाखवते. तिच्या हातातील पुस्तकही रशियन नवा करारच आहे. तो तिला लिझावेताने आणून दिलेला असतो, आणि लिझावेताचा खून रास्कोल्निकोव्हनेच केलेला आहे! कादंबरीच्या अखेरीस तेच पुस्तक तुरुंगात त्याच्या उशाखाली असते. 'कारामाझोव्ह बंधू'च्या आरंभीचे गव्हाच्या दाण्याचे वचन (योहान १२:२४) दस्तयेव्हस्की यांच्या थडग्यावरही कोरले आहे.

चेखॉव्ह यांच्या 'विद्यार्थी' (१८९४) या कथेत गुड फ्रायडेच्या थंड संध्याकाळी एक सेमिनरीयन शेकोटीपाशी दोन विधवांना पेत्राच्या नकाराची हकिकत सांगतो. ती ऐकून एकीला रडू कोसळते. एकोणीस शतकांपूर्वीचे ते दुःख तिचे स्वतःचे होते.

या लेखकांनी शास्त्रवचन अलंकार म्हणून वापरलेले नाही. पात्राचा जीव जिथे अडतो, तिथे ते येते. आमच्या वाचकांनी या कादंबऱ्या हाती घेण्यापूर्वी योहानाचा अकरावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचावा, असे आम्ही सुचवतो.