मलंगगडाची माची : शिखराखालचा दोन महिन्यांचा मुक्काम

१/ माची हाती आली म्हणजे गड हाती आला का? कल्याण-डोंबिवलीच्या गच्चीवरून दिसणाऱ्या मलंगगडाने १७८० साली या प्रश्नाचे उत्तर दिले.

२/ आधी थोडे हिमालयाकडे वळू. एव्हरेस्टच्या दक्षिण वाटेवरचा बेस कॅम्प सुमारे ५,३०० मीटरवर, तर अखेरचा तळ साऊथ कोल जवळजवळ ७,९०० मीटरवर आहे. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून गिर्यारोहक वरच्या तळावर जाऊन पुन्हा खाली उतरतात. अन्न, दोर, प्राणवायू हे सारे खालून येते. ही साखळी तुटली की वरचा मुक्काम सापळा ठरतो.

३/ मलंगगडाची उंची ८०० मीटरही नाही. तेथे हवा विरळ नाही. साखळीचा नियम मात्र तोच. गडाचे तीन टप्पे आहेत : खाली पीरमाची, त्यावर सोनेमाची आणि सर्वांत वर कातळावरचा बालेकिल्ला. वर पाण्याची कोरीव टाकी आहेत.

४/ पार्श्वभूमी पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता. १७८० मध्ये कल्याणही त्यांच्याकडे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, कॅप्टन ॲबिंग्टन मलंगगडावर चालून गेला.

५/ अचानक केलेल्या हल्ल्यात खालचा किल्ला पडला. पण शिबंदी बालेकिल्ल्यावर चढली आणि तेथून हलली नाही. उभ्या कड्यावर हल्ला चढवणे अशक्य होते. मग ॲबिंग्टनने वेढा घालून गडावरच तळ ठोकला.

६/ आता डाव उलटला. मराठी फौज डोंगराखाली आली आणि वेढा घालणाराच वेढ्यात सापडला. वर अजिंक्य कातळ, खाली शत्रू, मध्ये अडकलेला तळ! त्याच्या सुटकेसाठी ऑक्टोबरच्या आरंभी कर्नल हार्टलीला सैन्य घेऊन यावे लागले.

७/ पुढे डिसेंबरमध्ये वसईचा बलाढ्य किल्लाही इंग्रजांनी घेतला. मलंगगडाचा बालेकिल्ला मात्र त्या वेढ्यात पडला नाही. १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने युद्ध संपले.

८/ म्हणून गडाचा इतिहास वाचताना ‘किल्ला घेतला’ एवढ्यावर थांबू नये. कोणता टप्पा घेतला, हे विचारावे. आज पीरमाचीवर हाजी मलंग दर्ग्याला भाविकांची गर्दी असते. तेथे उभे राहून एकदा वर बालेकिल्ल्याकडे पाहा, मग खाली कल्याणच्या वाटेकडे. ॲबिंग्टनला वरचा कातळ चढता आला नाही. पण त्याचा मुक्काम धोक्यात आला तो या खालच्या वाटेमुळे.