काळ्या घोड्याजवळची लोखंडी इमारत

मुंबईत फोर्ट भागात काळा घोडा म्हणतात त्या चौकाजवळ ‘एस्प्लनेड मॅन्शन’ नावाची एक जुनी इमारत आहे. पाच मजले, पुढे लोखंडी सज्जे, गंजलेले कठडे. शाळेची सहल घेऊन म्युझियम पाहायला जाणारे मास्तर तिच्यावरूनच जातात, पण मुलांना तिच्यासमोर थांबवीत नाहीत. म्हणून आज तिच्याविषयी.

तिची कथा कापसापासून सुरू होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका खेळू लागला की गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचा तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेचे तुकडे लिलावाला काढले. १८६४ साली त्यातला एक तुकडा जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने चौरस वाराला ११० रुपये देऊन घेतला. त्याचा बेत साधा होता : खाली कापडाचे दुकान, वर कचेरी. पुढे बेत पालटला आणि तेथे हॉटेल झाले.

घर बांधायचे ठरल्यावर आपण गवंडी बोलावतो, सुतार बोलावतो. वॉटसनने काय केले? घर विलायतेतच करवले! रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियराने आराखडा काढला. लंडनच्या स्फटिकगृहाच्या कामात आणि सेंट पँक्रास स्टेशनाच्या अवाढव्य छपरात त्याचा हात होता. डर्बी गावच्या फिनिक्स कारखान्यात खांब ओतले गेले, जहाजात घालून मुंबईस आणले, आणि १८६७ ते १८६९ च्या दरम्यान येथे जुळवून उभे केले. आपल्या गुऱ्हाळातला लोखंडी चरक सुटा येतो आणि शेतावर जोडतात, तसाच हा प्रकार, फक्त घराएवढा.

या घराचे मर्म त्याच्या सांगाड्यात आहे. शेतकऱ्याच्या मातीच्या घरात आढ्याचे ओझे भिंतीवर येते. भिंत खचली की घर गेले. पेशवाई वाड्यात मात्र खांब आणि तुळया मिळून लाकडी सांगाडा उभा राहतो, विटा मधल्या जागा भरायला. वॉटसनच्या इमारतीत तोच हिशेब लोखंडात मांडला आहे. ओझे लोखंडाच्या सांगाड्यावर, विटांची भिंत केवळ आडोशाला. म्हणून समोरची बाजू इतकी मोकळी ठेवता आली. आत चौसोपी वाड्यासारखा चौक होता, त्यावर काचेचे छप्पर. आणि प्रत्येक मजल्याला बाहेरून रुंद सज्जा. त्या सज्जाने भिंतीवरचे ऊन अडे, पावसाची झड अडे, आणि पाहुण्याला खुर्ची टाकून समुद्राची हवाही खाता येई. आपल्या ओसरीचेच काम ते. घडण तेवढी डर्बीची.

१८९६ च्या ७ जुलैला याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे हलते चित्र हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवले गेले. जमशेटजी टाटांना येथे दारातून परत पाठवले आणि म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्टही आपण ऐकतो. गोष्ट चुरचुरीत आहे, पण तिला कागदाचा आधार नाही. मुलांना सांगायचीच झाली तर आख्यायिका म्हणून सांगावी.

आता लोखंडाची दुसरी बाजू. बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चे. बिडाचा तवा वर्षानुवर्षे चुलीवर टिकतो, पण हातातून फरशीवर पडला की तडकतो, वाकत नाही. त्यात मुंबईची खारी हवा. गंज चढला की लोखंड फुगते आणि शेजारच्या विटेला फोडते. फटीतून पाणी शिरते, गंज आणखी वाढतो. वर्षाला एक रंगाचा हात, तुंबलेली पन्हळ मोकळी करणे, एवढ्याने पुष्कळ भागते. पण हॉटेल बंद झाल्यावर खोल्यांच्या खोल्या पाडून त्या भाड्याने दिल्या गेल्या. जवळच हायकोर्ट, तेव्हा वकिलांच्या कचेऱ्या पुष्कळ. घरमालकाला भाडे तुटपुंजे, भाडेकरूला घर आपले नव्हे. रंग कोणी द्यायचा?

२००५ साली सज्जाचा भाग कोसळला आणि एक माणूस दगावला. त्याच सुमारास जागतिक स्मारक निधीने ही इमारत धोक्यातल्या शंभर वास्तूंत घातली. २०१९ मध्ये कोर्टाच्या हुकुमाने ती रिकामी केली गेली. मुंबईच्या आय. आय. टी.ने पाडण्याचा सल्ला दिला. दुरुस्ती शक्य आहे असे सांगणारे जाणकारही पुढे आले.

मला विचाराल तर रस्त्याने जाणाऱ्याचा जीव आधी, यात वाद नाही. पण सांगाड्याचे घर भिंतीच्या घरासारखे सगळे एकदम जात नाही. मोडका सज्जा उतरवता येतो, तडकलेल्या खांबाच्या जागी नवा ओतता येतो. मुळात ते जोडूनच तर उभे केले आहे. पुढच्या सहलीला गुरुजींनी समोरच्या पदपथावर पाच मिनिटे थांबावे आणि मुलांना एका मजल्याचे खांब मोजायला सांगावे. मात्र सज्जाखाली कोणाला उभे करू नये.