गुत्ता, पिठा, परमिट रूम : पिण्याच्या जागेला नाव कोणी दिलं?

विठ्ठलवाडीत येऊन दारूच्या इतिहासावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू सुटली, हा ज्या देवाच्या दारातला नियम, त्याचंच नाव या स्टेशनला आहे. पण आज आपला विषय दारू चांगली की वाईट हा नाही. विषय आहे दारू प्यायच्या जागेचा. वस्तीत अशी एक जागा असते. ती कोणाच्या मर्जीनं उघडते, तिथे काय प्यायला मिळतं आणि हे कोण ठरवतं, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. इंग्रजीतला 'पब' आता आपल्याकडेही रुळला आहे. तो 'पब्लिक हाउस'चा तुकडा, म्हणजे सर्वांना उघडं असलेलं घर. आता आपले शब्द बघा. 'गुत्ता'. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. गुत्ता म्हणजे मक्ता, कंत्राट. सरकारकडून दारूविक्रीचा मक्ता घेतलेली जागा, म्हणून तो दारूचा गुत्ता. दुसरा शब्द 'परमिट रूम', म्हणजे परवान्याची खोली. तिसरी पाटी 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. मुंबईकडे 'पिठा' हा शब्द होता. तो चालवणाऱ्यांचं आडनावच पिठावाला झालं, जसं दारूवाला, ताडीवाला, बाटलीवाला. तिकडे नावात घर आहे आणि लोक आहेत. आपल्याकडे मक्ता आहे, परवाना आहे, मान्यता आहे. याचा अर्थ, आपल्या पिण्याच्या जागांचं बारसं सरकारी दप्तरात झालं. ते कसं झालं, ही आजची गोष्ट.

त्याआधी इंग्लंडच्या पबमध्ये एक चक्कर मारू, कारण तुलना तिथूनच करायची आहे. तिथे 'कास्क एल' नावाची बियर मिळते, आपण तिला पिंपातली बियर म्हणू. ती गाळून, तापवून, बाटलीत कोंबून येत नाही. ती पिंपात भरतात तेव्हाही तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. पबच्या तळघरात ते पिंप आडवं ठेवतात आणि आंबण्याचा शेवटचा टप्पा तिथेच पुरा होतो. बियर निवळावी म्हणून तिच्यात माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालण्याची रीत आहे. आपल्या कोळीवाड्यात घोळ माशाच्या या पिशवीला बोत म्हणतात. पिंप एकदा उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर बियर आंबट होते. नेहमीचं छोटं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे सुमारे 41 लिटरचं. तीन दिवसांत तेवढी खपेल इतकी रोजची माणसं आसपास असली, तरच ही बियर परवडते. थोडक्यात, ही बियर शेजाऱ्यांवर जगते.

परवाना तिकडेही लागायचा. 1552च्या कायद्यापासून दारूघराला स्थानिक न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागे. म्हणजे सरकार तिथेही होतंच, पण परवाना देणारा माणूस त्याच परिसरातला असे. पुढे विसाव्या शतकात मोठ्या कंपन्यांनी पिंप बाजूला सारून टिकाऊ, गाळलेली, वरून वायू भरलेली बियर आणली, तेव्हा 1971 साली 'कॅम्रा' ही पिणाऱ्यांचीच संघटना उभी राहिली. जिवंत बियर वाचवा, ही तिची मागणी. ती बऱ्याच अंशी यशस्वी झाली.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांची पिंपं इथेही आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची, आणि 1820च्या दशकापासून बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास यांची बियर केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई बंदरात उतरायची. 1 मे 1854 रोजी रेल्वे कल्याणला पोचली, 1865 साली थळ घाट चढून वर गेली. याच लायनीनं गोरे सैनिक नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत जात. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे कंटाळून त्यांच्या डोक्यावर परिणाम होई, म्हणून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली' हा शब्द आला. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

पण ती बियर साहेबाची. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाचं जिवंत पेय वेगळं होतं, आणि ते झाडावर होतं.

ताडाची ताडी, माडाची माडी, शिंदीच्या झाडाची शिंदी. पोयीला चीर द्यायची, खाली मडकं बांधायचं. रात्रभर थेंब थेंब रस जमतो. पहाटे उतरवला तर ती गोड नीरा. मडक्याला आतून चुना लावला असेल तर ती थोडा वेळ गोड राहते. नाहीतर हवेतलं यीस्ट कामाला लागतं. दुपारपर्यंत तिला तुरटपणा येतो, संध्याकाळी ती चढते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तिचा शिरका होतो. गोव्याच्या पाववाल्यांनी कणीक फुगवायला ताडी वापरली ती याच गुणामुळे. किनारपट्टीवर झाडावर चढायचं हे काम पिढ्यान्‌पिढ्या भंडारी समाजाचं. आत डोंगराकडे वारली, कातकरी, ठाकूर यांच्याकडे ताडी होती आणि मोहही होता. मोहाची फुलं वेचायची, वाळवायची, आंबवायची आणि मडक्यातून धार काढायची. लग्नात, सणात, देवाला तीच. आणि पावसाळ्यापूर्वी धान्य संपलं की हीच फुलं उकडून खायची. दारूचं झाड हे भुकेचंही झाड होतं.

तर ताडी आणि पिंपातली बियर यांची जात एकच. दोन्ही टिकत नाहीत, दोन्ही लांब नेता येत नाहीत. जिथे झाड तिथे पिणारा, जिथे तळघर तिथे गिऱ्हाईक. आता सरकारच्या नजरेनं बघा. जी वस्तू सकाळी सरबत, संध्याकाळी दारू आणि परवा शिरका होते, तिच्यावर कर कसा बसवायचा? जी हजार झाडांवर आणि शेकडो पाड्यांत तयार होते, तिचा हिशेब कोण ठेवणार? झाडावरचा कर जुन्या राजवटींतही होता. पण इंग्रजी राज्याला वरवरचा कर नको होता, संपूर्ण व्यापार मुठीत हवा होता.

तो त्यांना 1878च्या मुंबई आबकारी कायद्यानं मिळाला. आबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांनी राबवलेलं धोरण सरळ होतं. गावोगावच्या भट्ट्या बंद करायच्या, दारू मोजक्या मोठ्या भट्ट्यांमध्ये गाळायची, तिथेच मोजून कर घ्यायचा आणि विक्रीचा मक्ता लिलावानं द्यायचा. ताडीच्या झाडांवरचा कर जबर वाढवला, म्हणजे ताडी महाग व्हावी आणि माणूस गाळलेल्या दारूकडे वळावा. आपल्या भागासाठी मोठ्या भट्ट्या होत्या उरणला, बऱ्याचशा पारशी मालकांच्या. तिथे मोहाची फुलं येत ती पंचमहालाकडून. आणि इथल्या मोहाचं काय? 1892 साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला. आपल्याच रानातली फुलं वेचणं, साठवणं, विकणं यावर सरकारी बंधनं आली. ज्या फुलांवर वारल्याची पोरं उन्हाळा काढत, ती घरात सापडली तर गुन्हा.

गुत्ता जन्माला आला तो असा. लिलावात मोठी रक्कम बोलून मक्ता घेतलेल्या माणसाला ती वसूल करायची असते. त्याला खप वाढवावाच लागतो. पिणारा आधी आपल्या झाडाखाली किंवा आपल्या अंगणात प्यायचा. आता तो मक्तेदाराच्या दारात उभा राहू लागला, रोख पैसे देऊन किंवा उधारी करून. सरकार एका बाजूला म्हणे, आम्ही कर वाढवून पिणं कमी करतो आहोत. दुसऱ्या बाजूला आबकारी हे मुंबई इलाख्याच्या सर्वांत मोठ्या उत्पन्नांपैकी एक होऊन बसलं.

लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 साली त्यांनी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून शहरात दारूच्या दुकानांना परवाने वाढवून देण्याला विरोध केला. आपण या पत्राकडे नेहमी नीतीचा उपदेश म्हणून बघतो. त्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. दुकान आमच्या वस्तीत येणार असेल तर आम्हाला विचारणार की नाही? म्हणजे पबमधल्या 'पब्लिक'चा प्रश्न फुल्यांनी तेव्हाच मांडला होता.

पुढे 1921च्या असहकार चळवळीत दारूच्या दुकानांवर निदर्शनं झाली. काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. खात्याचे मंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः पारशी. स्वातंत्र्यानंतर 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 6 एप्रिल 1950पासून संपूर्ण बंदी. हेतू प्रामाणिक होता यात शंका नाही. पण मुळात सरकारनं व्यापार एका मुठीत आणला होता. तीच मूठ आता घट्ट बंद केली. गावाकडे निर्णय परत आला नाहीच.

मग पेय कुठे गेलं? मुंबई-ठाण्याच्या खाड्यांच्या कडेनं, तिवरांच्या आडोशाला हातभट्ट्या लागल्या. शहरात आंटींचे अड्डे सुरू झाले. नवटाक हे खरं तर वजनाचं माप, ते ग्लासाचं नाव झालं. बंदीच्या काळात ताडीचं विशेष नुकसान झालं. गूळ, नवसागर घालून गाळलेली दारू ट्यूबमध्ये भरून रात्रीतून नेता येते. ताडी तशी नेता येत नाही. उंच झाडावर बांधलेलं मडकं लपवणार कुठे? जे पेय उघड्यावरच शक्य होतं, ते पहिल्यांदा मागे पडलं. शिवाय चढणाऱ्यांची पुढची पिढी गिरणीत, रेल्वेत, कारखान्यात गेली, आणि त्यात वाईट काही नाही.

1960च्या दशकात बंदी सैल झाली आणि परमिट रूम आली. एक गंमत आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. कायद्याचं नाव आजही दारूबंदी कायदाच आहे. महाराष्ट्रात दारू प्यायची तर कागदोपत्री परवाना लागतो. एक दिवसाचा घेतला तर देशीसाठी 2 रुपये, विदेशीसाठी 5 रुपये. आपण पितो ते हक्कानं नाही, सवलतीनं. त्या खोलीतला अंधार, काळ्या काचा, शेजारी दिसला तर मान फिरवणं हे सगळं या एका गोष्टीतून आलं आहे. परवान्याच्या खोलीचं घर होत नाही.

आणि ताडी? 'सरकारमान्य ताडी-माडी विक्री केंद्र' अशा पाट्या ठाणे जिल्ह्यात अजून दिसतात. एक बाकडं, प्लॅस्टिकचे मग, चखण्याला उकडलेले हरभरे, भिंतीवर देवांचे फोटो, आणि रोज येणारी तीच चार-सहा माणसं. त्या बाकड्यावर जात, धंदा विचारत नाहीत, गप्पा मात्र मनसोक्त होतात. पबाच्या सर्वांत जवळ जाणारी आपली जागा हीच. पण बाहेर येऊन चारी बाजूंना मान वर करून बघा. इमारती दिसतील, वालधुनी नदीच्या कडेला कारखाने दिसतील. ताडाची झाडं किती दिसतील? झाडांपेक्षा ताडी जास्त झाली की मधलं अंतर भरून काढायला क्लोरल हायड्रेट येतं. ही गुंगीची रसायनं मिसळलेली ताडी महाराष्ट्रात वारंवार पकडली गेली आहे. विषारी दारूचा हिशेब तर आणखी भयंकर आहे. जून 2015मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली. सगळी हातावर पोट असलेली.

आता ते नाव पुन्हा. 2009 साली पुण्यात एक मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तिचं नाव 'डूलाली', म्हणजे आपली देवळालीच. तिथेच बनवायची, ताजी, तिथेच प्यायची. अशा जागा आता मुंबई-पुण्यात बऱ्याच आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा परवाना आहे. म्हणजे ताजं, जिवंत, जवळचं पेय ही कल्पना कायद्याला समजत नाही असं नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी ती समजते. ज्याच्यासाठी ताडी होती, त्याच्या मगात नेमकं काय आहे हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

याचा अर्थ आपण जुन्या गुत्त्याच्या आठवणीनं गळा काढायचा असा नाही. दारूनं घरं बसली आहेत आणि त्याचा मार बाईनं खाल्ला आहे. 1972च्या सुमारास धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, ती कुठल्या पुस्तकातली नीती वाचून नव्हे. पुढे राज्यानं बायकांना मताचा हक्क दिला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं, तर दुकान बंद. इंग्लंडमध्ये 2011च्या कायद्यानं लोक आपला पब 'समाजाची ठेव' म्हणून नोंदवू शकतात आणि तो विकायला निघाला तर स्वतः विकत घ्यायचा प्रयत्न करू शकतात. एक कायदा जागा बंद करण्याचा, एक ती टिकवण्याचा. पण दोन्हींत निर्णय वस्तीचा आहे.

फुल्यांच्या पत्रातला प्रश्न आपल्याकडे अर्धाच सुटला, असं आम्हाला वाटतं. वस्तीला 'नको' म्हणायचा अधिकार मिळाला. 'असेल तर कशी असावी, मगात काय असावं, ते कोण तपासणार' हे सांगायचा अधिकार अजून मिळालेला नाही. तो मिळाला तर माळकऱ्याचं काही बिघडणार नाही, त्याची माळ त्याच्या गळ्यात आहे. बाकड्यावर बसलेल्या माणसाचा जीव मात्र वाचेल.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.