पीडित साहाय्य सेवा
पीडित साहाय्य सेवा : गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तीला उपचार, समुपदेशन, निवारा, कायदेशीर मदत व नुकसानभरपाई मिळवून देणारी व्यवस्था. भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 2008 च्या दुरुस्तीने कलम 357-अ आले आणि राज्यांना भरपाई योजना आखणे बंधनकारक झाले. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरीही पीडिताला अर्ज करता येतो. तो जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा लागतो. कलम 397 नुसार बलात्कार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी तत्काळ मोफत उपचार केले पाहिजेत.

महाराष्ट्रात 2013 पासून बलात्कार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांना साहाय्य देणारी ‘मनोधैर्य योजना’ आहे. केंद्र सरकारची ‘सखी’ केंद्रे 2015 पासून हिंसापीडित महिलांना वैद्यकीय, पोलिसी व कायदेशीर मदत एका छताखाली देतात. मुंबईत घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचा ‘दिलासा’ हा उपक्रम वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झाला. तेथे ‘पडले’ असे सांगणाऱ्या बाईच्या अंगावरचे वळ पाहून परिचारिका तिला समुपदेशकाकडे पाठवते. अनेकींसाठी मदतीची वाट अशी केसपेपरच्या खिडकीपासूनच सुरू होते.

संपर्क क्रमांक : आणीबाणी 112, महिला 181, बालक 1098, विधी सेवा 15100, सायबर फसवणूक 1930. हे क्रमांक घराघरांत माहीत असणे ही न्यायाची पहिली पायरी होय.